गोठ्यात बांधलेलं इंजिन

म्हातारा गव्हाणीखाली कुशीवर पडला होता आणि त्याच्यापासून दोन हातांवर इंजिन टकटक चालू होतं. दारावर सोडलेला प्लास्टिकचा कागद मी एका हातानं वर धरला होता, दुसऱ्या हातात म्हशीच्या आंबोणाची बादली होती. आधी वाटलं, झोपला. कामाच्या वेळी झोपणं या माणसाला नवं नाही, म्हणून पहिली हाक मी शिवी घालूनच मारली. तो हलला नाही. मग म्हशीकडे नजर गेली. बादली दिसली की दावं तोडायला बघणारी म्हैस मान जमिनीवर टाकून बसली होती, आणि तिचं चार महिन्यांचं रेडकू कुडाच्या कडेला आडवं झालं होतं. तिघं एकाच वेळी झोपत नाहीत, एवढं मला कळतं.

बादली टाकली आणि आत गेले. आधी इंजिन बंद केलं. मी चौथी शिकले आहे. त्या चार इयत्तांचा आयुष्यात सरळ उपयोग झाला तो एवढाच, की इंजिनाचं लाल बटण कुठं आहे आणि त्यावर काय लिहिलं आहे हे मला माहीत होतं. मग म्हाताऱ्याला बगलेत हात घालून ओढायला लागले. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. कागदावर म्हाताराच म्हणणार. त्याला वाचता येत नाही, त्यामुळे भांडण व्हायची भीती नाही.

"अवो! अवो, उठा! ऐकू येतंय का?"

ओठाच्या कडेला फेस, डोळे अर्धे उघडे आणि त्यात कुणीच नाही. मला तो हलेना. आयुष्यभर माझ्या हातचं जेवून वजन तेवढं नीट राखलं होतं. दोन हिसके दिले आणि माझंच डोकं गरगरलं. मी बाहेर पळाले. शहाणपणानं पळाले असं नाही, ओकारी आली म्हणून पळाले. पावसात उभी राहून ओकले, दोन-चार दम घेतले, तेव्हा कळलं की बाहेर डोकं हलकं होतं आणि आत जड होतं. मग मात्र दारावरचा कागद ओढून फाडूनच टाकला आणि जावेच्या नावानं ओरडले.

जाऊ म्हणजे माझ्या मेलेल्या धाकट्या दिराची बायको. शेजारीच राहते. आमचं दोघींचं गेलं वर्षभर पाटाच्या पाण्यावरून बोलणं बंद होतं. ती डोक्यावर पावसाचं इरलं घेऊन धावत आली.

"काय झालं वो, आक्का?"

"जिता हाय का मेलाय ते बगायला येळ न्हाई. पाय धर."

"साप चावला का काय?"

"इंजान चावलं! पाय धर म्हणते न्हवं!"

त्याला आम्ही गोणपाटावर लोटला आणि दोघींनी गोणपाट धरून दाराकडे ओढला. त्या दिवशी म्हातारा सकाळपासून आत बसून होता, म्हणून शेण काढायचं राहिलं होतं. जमीन नुसती गुळगुळीत झाली होती. घाण गोठ्याचा एवढा उपयोग मी कधी बघितला नव्हता. म्हातारा शेणामुतातून सरकत दाराबाहेर आला आणि आम्ही त्याला पागोळ्यांखाली पालथा-उताणा करत राहिलो. नाकाखाली बोट धरलं. श्वास होता, पण नसल्यासारखा. जाऊ परत आत गेली, कोयत्यानं म्हशीचं दावं कापलं, पण म्हैस उठेना. मग ती जीप बघायला वाडीत पळाली. मी म्हाताऱ्याचं तोंड पावसाकडे धरून बसले.

हे असं कसं झालं, हे मला नंतर ज्यानं त्यानं विचारलं. म्हणून तेही सांगते.

आमची वस्ती हिर्डोशीच्या पुढं, घाटाच्या अंगाला. उतारावर भाताची खाचरं, वर नाचणी, मधे आम्ही. बैलजोडी होती तोवर लावणीआधीची चिखलणी म्हातारा बैलांवर करायचा. मग त्याचे गुडघे गेले. बैलांचे गुडघे चांगले होते, तरी विकायचे ठरले ते बैलच. पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांच्या बदल्यात एक छोटं यंत्र पाठवून दिलं. दोन दांडे, पुढं इंजिन, खाली चिखल कापणारी पाती. पेट्रोलवर चालणारं, हातानं धरून चालवायचं. याला चारा लागत नाही, हे मुलानं मला तीनदा सांगितलं. जसं काही चारा इतकी वर्षं तोच कापून आणत होता.

"आई, एकदम सोपं आहे. मोबाईलवर व्हिडिओ पाठवलाय, तो बघ."

व्हिडिओ बघायला पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं, खाली रेंज नाही. चढले. व्हिडिओत एक हसरा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून कोरड्या, सपाट रानात यंत्र चालवत होता. त्याच्या बुटाला मातीसुद्धा लागली नव्हती. आमच्या खाचरात तो माणूस मांडीपर्यंत रुतला असता आणि हसणं तिथंच थांबलं असतं.

यंत्र टेम्पोतून आलं तेव्हा रोपं वितीएवढी झाली होती. म्हणजे दहा-बारा दिवसांत चिखलणी व्हायलाच हवी होती. उशीर झाला की रोप जून होतं आणि मग वर्षभर तांदूळ विकत आणून खा. म्हणून आम्ही घाई केली, आणि घाईत पहिलं काम केलं ते पूजेचं. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, दांड्याला बैलाच्या शिंगाचा जुना गोंडा बांधला. यंत्राबरोबर एक पुस्तक आलं होतं. म्हाताऱ्यानं त्यालाही हळद-कुंकू लावलं आणि देव्हाऱ्यात ठेवून दिलं. पुस्तकाला याहून जास्त मान आमच्या घरात कधी मिळाला नव्हता आणि ते उघडायचं कुणाला सुचलं नाही.

मग म्हातारा इंजिनाची दोरी ओढायला लागला. तीन दिवस ओढली. येणाराजाणारा प्रत्येक गडी ओढून गेला. ज्याला घरात कोणी विचारत नाही, त्यानंसुद्धा दोन हिसके मारून "प्लगचा प्रॉब्लेम हाय" असं सांगितलं. इंजिन ढिम्म. तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्याचा खांदा सुजला. मी तेल लावून दिलं आणि म्हटलं, "बैलाची शेपटी पिरगाळली का मुकाट चालायचा. याची कुठं हाय ती शोधा."

चौथ्या दिवशी चार बोल्ट काढून इंजिन उतरवलं, पेट्रोल सांडून टाकलं, पोत्यात घातलं आणि एसटीनं भोरला निघालो. आमच्याकडे एसटी दिवसाला मोजून येते, ती सोडली की पायी चाला. कंडक्टरनं पोत्याला पाय लावून बघितला.

"आजी, पोत्यात काय?"

"सासू."

"लगेजचं तिकीट लागंल."

"फाडा की. जिती व्हती तवा बी फुकट कुठं न्हेली न्हाई."

गाडीत हसले सगळे. म्हातारा खिडकीबाहेर बघत राहिला, पोतंही त्याचं नाही आणि बाईही त्याची नाही असा.

भोरच्या मेस्त्रीनं इंजिन बाकावर ठेवलं, टाकीचं झाकण काढून वास घेतला आणि म्हाताऱ्याकडे बघितलं.

"आजोबा, पेट्रोलच्या टाकीत ऑईल कुणी घातलं?"

"म्या. फवारायच्या पंपात घालत्यात, तसं घातलं. जरा ताकद यावी."

"तो पंप येगळा, हे इंजिन येगळं. बरं, इंजिनाच्या पोटात ऑईल घातलं का?"

"पोटात कशाला? नवं हाय की. पोट भरूनच आलं आसंल."

मेस्त्रीनं खालचं बूच काढलं आणि एक काडी आत घालून आम्हाला दाखवली. कोरडी ठणठणीत. म्हणाला, नवं इंजिन ऑईल न घालताच येतं, ते आपण भरायचं असतं. सुरू झालं नाही हे नशीब. सुरू झालं असतं तर आत सगळं घासून जाम झालं असतं.

"पुस्तकात पहिल्याच पानावर लिवलेलं असतंय. पुस्तक वाचलं न्हाई का?"

"पूजा केली," मी म्हटलं.

मेस्त्री हसला नाही. बहुतेक आमच्यासारखे त्याच्याकडे रोज येत असावेत. त्यानं टाकी धुतली, पोटात ऑईल भरलं, काडी परत बुडवून कुठल्या खुणेपर्यंत पाहिजे ते दाखवलं. म्हातारा तंबाखू मळत होता, म्हणून मग तो मलाच सांगायला लागला. थंड इंजिनाला चोक ओढायचा, तापलं की परत ढकलायचा. दोरी एकदम हिसकायची नाही, आधी हळू ओढायची, अडली की मग झटका. हवेचा फिल्टर उघडून झटकायचा, मळला की धुऊन वाळवायचा. प्लग काढून ब्रशनं घासायचा. बंद केलं की पेट्रोलचा कॉकही बंद करायचा, नाहीतर कार्बोरेटर भरतो. यात मला अवघड काही वाटलं नाही. चूल पेटवणं याहून अवघड आहे, पण त्याला कुणी मेस्त्री म्हणत नाही.

दुसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. म्हाताऱ्यानं असं तोंड केलं की जसं काही ते त्यानंच जन्माला घातलं.

निघताना मेस्त्रीनं दोन गोष्टी बजावल्या. एक, नवं आहे, लगेच चिखलात जोर लावू नका, आधी पाच-सहा तास नुसतं हळू चालू ठेवा, मग रानात घाला. दुसरी, पावसात भिजवू नका. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. आषाढात हिर्डोशीच्या वरच्या अंगाला इंजिन न भिजवता पाच-सहा तास कुठं चालू ठेवायचं, ही तिसरी गोष्ट त्यानं सांगितली नाही आणि आम्हीही विचारली नाही. भोरात त्या दिवशी नुसती भुरभुर होती.

घरी येऊन मी पुस्तक देव्हाऱ्यातून काढलं. हळदीनं दोन पानं चिकटली होती, ती सोडवली. निम्मं हिंदीत, निम्मं इंग्रजीत, थोडं मराठीत, आणि मराठीही अशी की ज्यानं लिहिली त्याला ती कुणी बोलून दाखवली नसावी. सुरुवातीलाच चौकटीत बारीक अक्षरं आणि एक चित्र होतं. खोलीत इंजिन, त्यातून निघणाऱ्या धुराच्या रेघा आणि खाली आडवा झालेला माणूस.

"ह्यो कशापायी झोपलाय?" म्हाताऱ्यानं वाकून बघत विचारलं.

"काम झालं आसंल त्याचं."

"बग. पुस्तकात बी इश्रांती लिवलीया. तुलाच तेवढी दिसत न्हाई माझी."

मी पान उलटलं. बारीक अक्षरांना चष्मा लागतो आणि चष्मा वर फळीवर होता. पुढं ऑईल बदलायचं पान होतं, ते मोठ्या अक्षरात होतं, ते मी नीट वाचलं.

दुसऱ्या दिवशी इंजिन यंत्रावर चढवलं, बोल्ट आवळले. आता चालवायचं कुठं? म्हातारा म्हणाला, पडवीत. मी म्हटलं, नाही. पडवीत माझी वर्षाची लाकडं रचलेली, चुलीची खोली लागून, दिवसभर तो खडखडाट कोण ऐकणार?

"तुमचं इंजान गोठ्यात न्या," मी म्हटलं. "बैलाची जागा रिकामी हाय. म्हशीनं अजून कधी कानाची तक्रार केली न्हाई."

हे मीच म्हटलं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी घालता आलं असतं तर घातलं असतं.

म्हाताऱ्याला तर ते फारच पटलं. आमच्यात नवा बैल आणला की धनी पहिले दोन-तीन दिवस त्याच्याजवळ गोठ्यात बसून राहतो. खाजवतो, त्याच्याशी बोलतो, तिथंच तंबाखू खातो. बैलाला धन्याचा वास कळला पाहिजे म्हणतात. लग्न करून आणलेल्या बाईजवळ असं कुणी बसत नाही, तिनं आपापलं ओळखून घ्यावं. तर म्हाताऱ्यानं यंत्र ढकलत नेऊन बैलाच्या जागेवर, गव्हाणीसमोर उभं केलं. एक दोरी दांड्याला बांधून खुंट्याला अडकवली. मी विचारलं, पळून जाईल का? म्हणाला, "सवय असावी."

आणि तो तिथं पोतं टाकून त्याच्याजवळ बसला.

गोठ्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून पावसाआधी आम्ही गोठ्याच्या कारवीच्या कुडाला शेणमातीनं लिंपून घेतो, बाहेरून प्लास्टिकचा कागद बांधतो, दारावरही कागद सोडतो. वारा शिरायला फट ठेवत नाही, नाहीतर गुरं गारठतात. चार महिने गोठा डबीसारखा बंद. त्यातच संध्याकाळी डासांसाठी ओला पाला जाळून धूर करतो. घरात चूल, तिची लाकडं ओली. जन्मल्यापासून आम्ही धुरात. धुरानं डोळे जळतात, खोकला येतो, पापड काळे होतात. धुरानं माणूस मरतो हे आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही त्यालाच चुलीजवळ बसवून चहा पाजला असता. आणि या इंजिनाचा तर धूर दिसतही नव्हता. चांगलं नवं इंजिन, स्वच्छ. म्हातारा कौतुकानं म्हणाला, "बग, धूर बी करत न्हाई."

पहिला तासभर दाराचा कागद वर बांधलेला होता. मग म्हातारा इंजिन चालूच ठेवून चहाला घरात आला आणि कपाळ धरून बसला.

"डोकं लई ठणकाय लागलंय गं."

"बरं झालं. हाय हे तरी कळलं."

"पेट्रोलचा वास सोसंना वाटतं."

"बैलाला तुमचा वास सोसत व्हताच न्हवं? मग तुमी बी सोसा जरा."

चहा दिला. त्यानं अर्धाच घेतला. या माणसानं चहा अर्धा ठेवला तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलं नाही. मी तो अर्धा चहा पिऊन टाकला, फुकट कशाला घालवा. तो परत गोठ्यात गेला. वारा फिरला होता आणि पाऊस थेट दारातून आत यायला लागला होता. मेस्त्रीनं भिजवू नका म्हटलं होतं. म्हणून म्हाताऱ्यानं दाराचा कागद खाली सोडला, त्याच्या कडेला दगड ठेवले आणि आत जाऊन आपल्या नव्या बैलाजवळ बसला.

मी भाकरी केल्या, भांडी घासली, आंबोण कालवलं. त्याला किती वेळ लागला असेल ते ज्याला चूल माहीत आहे त्यानं धरावं. मग बादली घेऊन गेले.

जीप मिळाली ती वाडीतल्या दूधवाल्याची. कॅन खाली उतरवून त्यानं म्हाताऱ्याला मागच्या बाकावर घेतलं. जाऊबाई कांदा फोडून घेऊन आली होती आणि त्याच्या नाकाला लावत होती. फिट आलेल्याला लावतात, म्हणून.

"त्याला वारा लागू दे," मी म्हटलं. "तुजा कांदा ऱ्हाऊ दे."

"आक्का, काय तरी करायला नको का?"

"म्हशीपाशी जा. तिचं तोंड बी बाहेर काढ. कसं बी कर, पन काढ."

ती उतरली. वर्षभरात आम्ही एवढं बोललो नव्हतो.

धरणाच्या कडेकडेनं जाणारा तो रस्ता मला पाठ आहे, पण त्या दिवशी एवढी वळणं कुणी नवीन घातली कळेना. एका ओढ्याचं पाणी रस्त्यावर आलं होतं. जीपवाला थांबून अंदाज घ्यायला लागला, तर मी मागून म्हटलं, "तुजी गाडी वाहून गेली तर म्या पोरगी देईन तुला. चल." माझ्याकडे पोरगी नाही हे त्याला माहीत होतं. त्यानं गाडी घातली. मी म्हाताऱ्याचं डोकं खिडकीशी धरून पावसातच ठेवलं होतं. मधेच तो घशातून घरघर करायचा, मग गप व्हायचा. गप झाला की मी चिमटा घ्यायचे. आयुष्यात त्यानं माझ्यापुढं कधी बरोबर वेळी आवाज काढला नाही, पण त्या रस्त्यावर चिमट्याला दरवेळी काढला.

भोरच्या दवाखान्यात तरणी डॉक्टरीण होती. तिनं डोळ्यांत बॅटरी मारली, नळी लावली, नाकातोंडावर मास्क चढवला आणि विचारलं, "घरात शेगडी लावली होती का? कोळशाची?"

"न्हाई. गोठ्यात इंजिन लावलं व्हतं. पेट्रोलचं."

"बंद गोठ्यात? का?"

"नवं हाय. सवय लागावी म्हणून."

तिनं म्हाताऱ्याच्या मास्कचा पट्टा आवळला. मग तिनं सांगितलं की इंजिनातून एक वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात हवेची जागा घेऊन बसतो. डोकं दुखतं, ओकारी येते, झोप येते आणि माणूस झोपेतच जातो. सगळं तिनं बरोबर सांगितलं. मी सगळं सकाळी बघितलंच होतं, फक्त त्याचं नाव मला माहीत नव्हतं.

"तुम्हीपण आत गेला होतात ना? तुम्हालाही ऑक्सिजन लावते."

"आधी त्यांचं बगा."

"आजी, नळ्या दोन आहेत."

मग गप बसून लावून घेतली. दोघं शेजारी शेजारी, तोंडाला मास्क लावून. लग्नानंतर इतका वेळ आम्ही न भांडता कधी बसलो नव्हतो. डॉक्टरीण येऊन बोटाला लावलेलं यंत्र बघायची, कागदावर लिहायची. मी एकदा विचारलं, "जगंल का?" ती म्हणाली, "वय किती?" वय विचारतात म्हणजे काय ते मला कळतं. मी चार वर्षं कमी सांगितलं.

तीन-चारच्या सुमाराला म्हाताऱ्यानं डोळे उघडले. छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मास्क खाली ओढला आणि पहिली गोष्ट विचारली ती अशी:

"बंद केलंस का? पेट्रोल जळतंय."

"केलं."

"कॉक बी बंद कर. न्हाईतर कार्बोरेटर भरतंय."

मेस्त्री सांगत होता तेव्हा तंबाखू मळत होता हा माणूस, म्हणजे ऐकतही होता. मी मास्क परत त्याच्या तोंडावर चढवला. तेवढाच आवाज बंद.

जावेचा फोन आला. ती टाकीवर चढून बोलत होती. "आक्का, म्हस उठली. पानी प्याली, थोडं." मी म्हटलं, बरं. तिनं पुढं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

संध्याकाळी मुलगा पुण्याहून आला. बापाजवळ बसून रडला, मग बाहेर येऊन माझ्यावर चिडला. आम्हाला ही पद्धत चांगली जमते, रडायचं एकावर आणि चिडायचं दुसऱ्यावर.

"आई, मोकळ्या हवेत चालवायचं असतं. व्हिडिओत होतं ना!"

"व्हिडिओत ऊन व्हतं."

"ते यंत्र मी परत नेतो."

"आनि चिखलणी कोण करनार, तू?"

त्याच्या बुटांकडे बघून मलाच उत्तर मिळालं होतं.

दोन दिवसांनी म्हाताऱ्याला घरी आणला. पायात जोर नव्हता, बोलता बोलता शब्द हरवायचा. माझं नाव मात्र विसरला नाही, कारण ते त्यानं कधी घेतलंच नव्हतं. राहिलेले तास इंजिन मी अंगणात चालवलं. चार बांबू रोवून वर ताडपत्री बांधली, चारी बाजू मोकळ्या. एवढंच करायचं होतं. ताडपत्री आमच्याकडे होती, बांबू होते, सगळं होतं. चिखलणीला दांडे मी एका बाजूनं धरले आणि जावेनं दुसऱ्या. तिच्या खाचराची आधी केली, मग आमची. म्हातारा बांधावर इरलं घेऊन बसला आणि "डावीकडं, डावीकडं" असं ओरडत राहिला. त्याला वाटतं, त्यानंच केली.

इंजिन आता माझ्याकडे आहे. पहिलं ऑईल ठरल्यापेक्षा लवकर बदललं. काळं, बारीक चमकणारा चुरा असलेलं निघालं. दर वेळी काडी बघते. फिल्टर धुते, सावलीत वाळवते, प्लग जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासते. चिखलणी संपली की टाकीतलं पेट्रोल काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवते, म्हणजे आत साका बसत नाही. पुस्तक फळीवर असतं, चष्म्याजवळ. बारीक अक्षरं मी सगळी वाचली, चार दिवस लागले. वाडीतले गडी आता प्लग घेऊन माझ्याकडे येतात आणि नुसतं बघायला आलोय असं म्हणतात. मी आधी विचारते, चालवता कुठं? बाहेर, असं म्हणाला तरच प्लग हातात घेते.

रेडकू जावेनं त्याच दिवशी आंब्याखाली पुरलं होतं. म्हैस आठवडाभर त्या बाजूला तोंड करून ओरडायची, दूध आटलं, मग पुढच्या वर्षी परत व्यायली. म्हातारा या पावसाळ्यात पंचाहत्तरीत गेला, डॉक्टरणीच्या कागदावर एकाहत्तरीत. त्या दिवशी गोठ्यात तिघं होती. म्हातारा जगला, म्हैस जगली. रेडकू नाही जगलं.